आमदार-मंत्र्यांनी आपल्यासारख्या कमाईत राहावं की नाही?

उद्यमबागकर (धागा सुरू करणारे)

मंडळी, २१ मार्च २०२५ ला कर्नाटक विधानसभेत कागद फाडले जात होते, मार्शल आत आले होते, १८ आमदार निलंबित झाले. त्याच गोंधळात पगारवाढीची विधेयकं मंजूर झाली. आमदारांचा पगार ४० हजारांवरून ८० हजार, मंत्र्यांचा ६० हजारांवरून सव्वा लाख, मुख्यमंत्र्यांचा ७५ हजारांवरून दीड लाख. माजी आमदारांची पेन्शन ५० हजारांवरून ७५ हजार. भत्ते वेगळे. २०२२ च्या फेब्रुवारीतही हेच झालं होतं. विरोधक सभागृहात धरणं धरून बसलेले, आणि चर्चेविना २५ हजारांचे ४० हजार झाले. तेव्हा सत्तेत एक पक्ष होता, आता दुसरा आहे.

मी फौंड्रीत सुपरवायझर आहे. मोल्डिंगवरची पोरं भट्टीसमोर आठ तास उभी राहतात आणि हजार रुपये वाढवून मिळावेत म्हणून वर्षभर मालकाच्या मागं लागतात. त्यांच्या मतांवर निवडून गेलेल्यांचा पगार एका दुपारीत दुप्पट होतो, हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं असं. पदावर असेपर्यंत पुढाऱ्यानं आपल्या मतदारसंघातल्या साधारण कुटुंबाच्या कमाईतच राहावं. घर क्लार्कच्या क्वार्टरएवढं, प्रवास बसनं, आजारपण सरकारी दवाखान्यात, पोरं सरकारी शाळेत. पाच वर्षं. हे होण्यासारखं आहे का? आणि झालं तर चांगलं होईल का? मनापासून लिहा.

शहापूरची_सून

माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या घरात दोन पॉवरलूम आहेत. वीज गेली की माग बंद, माग बंद की मजुरी बंद. त्या दिवशी चूल कशी पेटते ते त्यांनी एकदा अंगावर घ्यावं.

चिक्कोडी_वकील

उद्यमबागकर, तुमचा राग मला समजतो, पण उपाय उलटा आहे.

लोकप्रतिनिधींना पगार द्या ही मागणी मुळात गरिबांची होती. इंग्लंडमध्ये १८३८ साली चार्टिस्ट कामगारांनी जी सनद मांडली, तिच्या सहा मागण्यांपैकी एक हीच होती. तोवर खासदारकी बिनपगारी, म्हणजे ज्याची जमीन-जुमला त्याचीच संसद. कोळशाच्या खाणीतला माणूस निवडून आला तरी लंडनमध्ये खाणार काय? तिथं सरकारी पगार सुरू व्हायला १९११ साल उजाडलं, वर्षाला ४०० पौंड. म्हणजे पगार नसणं ही श्रीमंतांची सोय होती.

आता आपल्याकडं बघा. २०२३ च्या विधानसभेतल्या आमदारांच्या प्रतिज्ञापत्रांचा एडीआर या निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं हिशेब काढला. २२३ पैकी २१७ कोट्यधीश, सरासरी मालमत्ता ६४ कोटींच्या घरात. त्या निवडणुकीनंतर उपमुख्यमंत्री झालेल्या डी. के. शिवकुमारांची स्वतः जाहीर केलेली मालमत्ता १,४०० कोटींवर. या लोकांना ४० हजार काय आणि ८० हजार काय? पगार कमी केलात तर त्यांना काहीच झळ बसणार नाही. झळ बसेल ती उरलेल्या सहा जणांना, आणि उद्या निवडून येऊ पाहणाऱ्या एखाद्या मास्तराला.

कडोलीकर

वकीलसाहेब, मग मलाच उभं करा. मी ४० हजारांतही खूश आहे. डिपॉझिटचे १० हजार तेवढे धाग्यावर वर्गणी काढून भरा!

उद्यमबागकर

@कडोलीकर, माझे ५०० लिहून ठेवा.

@वकील, तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण मी फक्त पगाराचं म्हणत नाही. राहणीचं म्हणतोय. ज्याच्याकडं ६४ कोटी आहेत त्यानं ते पाच वर्षं हात न लावता ठेवावेत.

निपाणीकर_तंबाखू

आता माझं ऐका. पगारावर भांडण कसलं करालाय? पगार ही त्यांच्या घरातली सगळ्यात बारकी रक्कम. आमच्या बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने किती आणि त्यातले पुढाऱ्यांच्या घरातले किती, हे ऊस घालणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ऊस पिकवणारा आपण, भाव ठरवायला बसणारे तेच, कारखाना पण तेंचाच. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी थंडीत रस्त्यावर झोपले, ३,५०० मागत होते टनाला. सरकारनं ३,३०० वर आणून सोडलं. त्या बैठकीत टेबलाच्या दोन्ही बाजूला कोण कोण बसलं असंल, विचार करा.

निपाणीनं हे आधी पण बघितलंय. १९८१ ला तंबाखूला भाव पायजे म्हणून शेतकऱ्यांनी हायवे अडवला, शरद जोशी आले होते. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. माझे वडील त्या रस्त्यावर होते. त्या वेळी पण कुणाचा पगार किती हा प्रश्न नव्हता. भाव ठरवणारा आणि भाव सोसणारा एक नव्हता, हा प्रश्न होता.

तेव्हा माझं मत असं की आमदारानं पायजे तर बंगल्यात ऱ्हावं, पण त्याचा कारखाना, त्याचं कॉलेज, त्याचा दवाखाना, त्याचा ठेका असता कामा नये. पदावर हाय तोवर धंदा बंद.

चिक्कोडी_वकील

निपाणीकरांनी गाभ्याला हात घातला. हितसंबंध हा खरा विषय आहे, राहणी नंतर.

माई_टिळकवाडी

मी ऐंशीच्या पुढची आहे, नातीकडून टाइप करून घेतेय, तेव्हा उशिरा उत्तर दिलं तर रागावू नका.

आपण बेळगावात राहून ही चर्चा करतोय आणि १९२४ कुणाला आठवलं नाही याचं मला वाईट वाटलं. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं, आमच्या टिळकवाडीत. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था केली होती. पाण्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणतात. गांधींसाठी खादीची झोपडी उभारली होती. ती बघून ते खूश झाले नाहीत. मला झोपडी हवी होती, हा तर खादीचा महाल आहे, अशा अर्थाची तक्रार त्यांनी ‘यंग इंडिया’त लिहिली. यजमानांचं मन राखायचं म्हणून गप्प बसले नाहीत.

पुढं २ मार्च १९३० ला व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिलं, त्यात सरळ हिशेब मांडला. तुमचा पगार महिना २१ हजार, म्हणजे दिवसाला ७००. हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. पाच हजार पटींहून जास्त अंतर. दुसऱ्या वर्षी कराची काँग्रेसनं ठराव केला की स्वराज्यात सरकारी नोकराला सामान्यतः महिना ५०० रुपयांवर पगार नसावा.

उद्यमबागकर, म्हणजे तुमची कल्पना या देशात नवी नाही. ती ठरावात लिहून ठेवलेली होती. २०२४ च्या डिसेंबरात त्या अधिवेशनाची शंभरी आली तेव्हा शहरात केवढी रोषणाई केली होती. झाडं, खांब, चौक, सगळं दिव्यांनी मढवलेलं. डॉ. मनमोहन सिंगांच्या निधनानं कार्यक्रम थांबला आणि जानेवारीत झाला. मी खिडकीतून ते दिवे बघत होते आणि मला ती महालाची तक्रार आठवत होती.

शहापूरची_सून

माई, नातीला सांगा अजून लिहून घे म्हणून. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही.

चंदगडी_पाहुणा

सीमेपलीकडून नमस्कार. आमच्याकडं सांगोल्याचे गणपतराव देशमुख होऊन गेले. अकरा वेळा आमदार, शेवटपर्यंत एसटीनं प्रवास, एकच पक्ष, एकच घर. २०२१ ला गेले. आणि एन. डी. पाटील सर, ज्यांनी सीमाभागासाठी हयात घालवली, ते गेले नेमके १७ जानेवारीला, २०२२ मध्ये. सीमालढ्याच्या हुतात्मा दिनालाच. दोघंही शेकापचे. साधेपणा जमतो, जमवला आहे लोकांनी. महाराष्ट्राला ती परंपरा आहे.

अथणी_अण्णा

पाहुणे, परंपरा फक्त तुमच्याकडंच आहे असं नाही हं. माझी मायबोली कन्नड, मराठी शेजाऱ्यांकडून शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या शांतवेरी गोपाळगौडांचं नाव ऐकलंय का? समाजवादी, कागोडूच्या कुळांच्या सत्याग्रहात पुढं होते, १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत विधानसभेत गेले. पन्नाशीही न गाठता १९७२ ला वारले तेव्हा मागं संपत्ती अशी काही नव्हती. चांगला माणूस कुठल्या भाषेचा हे बघून चांगला होत नाही.

चंदगडी_पाहुणा

अण्णा, मान्य. पण सीमाभागातल्या मराठी माणसावर कर्नाटकानं जो अन्याय केलाय त्याचं काय? महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या ८६५ गावांचं काय? २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे.

काकतीकर

आलं का परत तिथंच! बेळगावात कर्नाटकाचं अधिवेशन आलं की मराठी भाषकांच्या महामेळाव्याला परवानगी नाही, कार्यकर्त्यांची धरपकड, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवलेल्या. त्यावर लिहायला शंभर धागे आहेत. इथं नको.

खानापूर_जंगलवाट

काकतीकर, पूर्ण सोडू पण नका, कारण या धाग्याशी त्याचा एक संबंध आहे. ताणतणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बसेस बंद होतात. कोल्हापूरला दवाखान्याला निघालेली म्हातारी अडकते, निपाणी-कागलला रोज कामाला जाणारी पोरं अडकतात. पुढाऱ्याची गाडी अडत नाही. तो स्वतः रोज त्या बसमध्ये असता तर बस बंद पडेल असं भाषण करण्याआधी त्यानं विचार केला असता. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना हे लागू आहे.

आणि आमच्या तालुक्याचं सांगतो. भीमगड अभयारण्यातली गावं आहेत, तिथं पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारखं बांबूला बांधून खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. मी स्वतः खांदा दिलाय. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो, नाल्याला पाणी असतं, आणि वर बांधलेली बाई कण्हत असते. आम्हाला वनखातं सांगतं गाव सोडा, भरपाई घ्या. पुढारी सांगतात बघू. मला आमदाराचा पगार किती याच्याशी घेणं नाही. त्यानं पावसाळ्याचे चार महिने फक्त आमच्या वाडीत राहावं. दीड लाख पगार घेऊन राहावं, माझी ना नाही.

उद्यमबागकर

जंगलवाट, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला नेमकं हेच म्हणायचं होतं, मी पगारापासून सुरुवात केली म्हणून ते बाजूला राहिलं.

माजी_सदस्या

मी आतापर्यंत फक्त वाचत होते. मी एका ग्रामपंचायतीची पाच वर्षं सदस्य होते, महिला राखीव जागेवरून. आमचं मानधन महिना दोन हजाराच्या आसपास. नवरा खाजगी बसवर ड्रायव्हर. म्हणजे तुम्ही सगळे जे मागताय तसा पुढारी मी होते: सामान्य कमाईत राहणारा. तर ते कसं असतं ते लिहिते, कारण इथं कुणी ते लिहिलेलं नाही.

निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात गल्लीतल्या मंडळाची पावती आली. सदस्याच्या नावानं पाच हजार लिहूनच आणली होती, रक्कम विचारली नाही. मग यल्लम्माच्या जत्रेला निघालेल्या गाड्यांचं डिझेल. मग क्रिकेटची टुर्नामेंट, पहिलं बक्षीस तुमचं, ताई. लग्नसराईत एकेका दिवशी तीन लग्नं, प्रत्येक ठिकाणी पाकीट, आणि पाकिटात काय घातलं ते घरी गेल्यावर मोजलं जातं. मयतीला गेलं की लाकडांचे पैसे. कुणाचं पोरगं गाडीवरून पडलं की मध्यरात्री फोन, दवाखान्यात डिपॉझिट भरायला या. मी जायचे. माझ्याकडं जे होतं ते द्यायचे. दुसऱ्या वर्षी मंगळसूत्र गहाण पडलं.

आणि माझ्या शेजारच्या वॉर्डातला सदस्य ठेकेदार होता. तो न मागता द्यायचा. गटारीचं काम त्याच्याच भावाचं, सिमेंट पहिल्या पावसात वाहून गेलं, पण गणपतीला साउंड सिस्टीम त्याची. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला निवडून दिलं आणि मला सांगितलं, ताई तुम्ही चांगल्या आहात हो, पण तुमच्यानं होत नाही. मी ग्रामसभेत गटारीच्या बिलाची प्रत मागितली होती, त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलायला एक हात वर झाला नव्हता.

तेव्हा तुम्ही आमदारानं बसनं यावं म्हणता. या की. पण बसनं आलेल्या आमदाराला तुम्ही लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवणार आहात का? त्यानं शंभर रुपयाचं पाकीट दिलं तर गल्लीत काय बोलणार आहात?

कडोलीकर

ताई, मी मघाशी थट्टा केली. आता थट्टा सुचत नाही. आमच्या मंडळाची पावती मीच फाडतो दरवर्षी.

निपाणीकर_तंबाखू

ताईंनी लिवलं ते खरं हाय. पण एक लक्षात घ्या, लोक मागतात कारण लोकांना दुसरीकडं मिळत न्हाई. दवाखान्यात डिपॉझिट भरायला लागतं म्हणून रात्री पुढाऱ्याला फोन जातो. सरकारी दवाखान्यात नीट उपचार झाले असते तर फोन कशाला गेला असता?

आशाताई_बैलहोंगल

मी आशा कार्यकर्ती. जानेवारी २०२५ ला आम्ही हजारो जणी बेंगळुरूला फ्रीडम पार्कात चार दिवस थंडीत बसलो, तेव्हा कुठं महिना किमान दहा हजाराचं आश्वासन मिळालं. आमच्यासाठी गोंधळात बिल पास होत नाही. आम्ही बसायचं, रडायचं, निवेदन द्यायचं. माझी मागणी एवढीच: त्यांचा पगार वाढेल त्याच टक्क्यानं आमचा वाढावा. त्यांचा शंभर टक्के वाढला. आमचा पण वाढवा. बाकी त्यांनी कुठं राहायचं ते त्यांनी ठरवावं.

चिक्कोडी_वकील

आशाताई, आत्तापर्यंतच्या सगळ्या सूचनांत ही सगळ्यात पक्की आहे, कारण ती कायद्यात लिहिता येते. खासदारांचा पगार २०१८ पासून महागाईच्या निर्देशांकाला बांधला आहे, त्याप्रमाणे तो २०२३ पासून १ लाख २४ हजार झाला. तसाच तो किमान वेतनाला किंवा मानधनी कामगारांच्या मानधनाला का बांधू नये? एक वाढलं तर दुसरं वाढेल, एक थांबलं तर दुसरं थांबेल.

सिंगापुरी_बेळगावी

मी पंधरा वर्षं सिंगापूरला आहे, मूळचा अनगोळचा. तिथलं उदाहरण उलटं आहे म्हणून सांगतो. १९९४ मध्ये तिथं मंत्र्यांचा पगार खाजगी क्षेत्रातल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्यांच्या पगाराला बांधला. तर्क असा की हुशार माणूस सरकारात यावा आणि लाच घेण्याचं कारण उरू नये. लोकांना ते रुचलं नाही, २०११ च्या निवडणुकीत नाराजी दिसली, २०१२ ला पगारात मोठी कपात झाली. तरीही ते जगात वरच्या क्रमांकाचे आहेत. आणि भ्रष्टाचार कमी आहे, रस्ते नीट आहेत. मला साधा राहणारा अकार्यक्षम मंत्री नको, भरपूर पगार घेणारा कामाचा मंत्री हवा.

खानापूर_जंगलवाट

पण तिथं पगारापेक्षा पकडले जाण्याची भीती जास्त काम करते ना? तिथली भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा मंत्र्यालाही आत घालते. आपण पगार सिंगापूरचा देऊ आणि यंत्रणा आपलीच ठेवू, मग काय होईल?

सिंगापुरी_बेळगावी

बरोबर. दोन्ही हवं. नुसता पगार वाढवून चालणार नाही हे मला मान्य आहे.

अथणी_अण्णा

दुसऱ्या टोकाचं उदाहरण उरुग्वेचे होसे मुहिका. २०१० ते २०१५ राष्ट्राध्यक्ष. राजवाड्यात राहायला गेले नाहीत, राजधानीबाहेर शेतावरच्या जुन्या घरात राहिले, १९८७ ची फोक्सवॅगन चालवायचे, पगाराचा सुमारे नव्वद टक्के भाग दान. २०२५ च्या मे महिन्यात वारले. आपल्याकडं त्रिपुराचे माणिक सरकार, १९९८ ते २०१८ मुख्यमंत्री, पूर्ण पगार पक्षाला द्यायचे आणि पक्ष देईल त्या भत्त्यात राहायचे. वीस वर्षं. त्यांच्यावर सक्ती कायद्याची नव्हती, पक्षाची होती. हे महत्त्वाचं वाटतं मला. कायदा करून साधेपणा येणार नाही, पण पक्ष तिकीट देताना अट घालू शकतो.

काकतीकर

कुठला पक्ष घालणार अण्णा? तिकीट देताना पहिला प्रश्न हाच असतो की खर्च किती करणार. विधानसभेला अधिकृत मर्यादा ४० लाख. ती पाळून निवडून आलेला आमदार दाखवा, मी त्याला स्वतः कुंदा खाऊ घालतो. जो माणूस निवडणुकीत कोट्यवधी घालतो तो पाच वर्षं भाजी-भाकरीवर राहील ही अपेक्षाच चूक. आधी निवडणूक स्वस्त करा.

मराठी_शाळा_मास्तर

उद्यमबागकरांच्या यादीत शाळा होती, तिच्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. आणि हे आपल्याच माणसांना लागणार आहे, पण लिहितो.

१८ ऑगस्ट २०१५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निकाल दिला होता. सरकारी तिजोरीतून पगार घेणारा प्रत्येक जण, अधिकारी, लोकप्रतिनिधी, न्यायाधीश, यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, नाही घातली तर खाजगी शाळेच्या फीएवढी रक्कम सरकारजमा करावी. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. ज्यांच्या हातात शाळा आहेत त्यांची मुलं तिथं नाहीत म्हणून शाळांची ही दशा आहे. तो निकाल कागदावर राहिला.

आता बेळगाव. मी सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवतो. एका खोलीत दोन वर्ग, शिक्षकाच्या जागा रिकाम्या, गळकं छप्पर. कर्नाटक सरकार मराठी शाळांकडं दुर्लक्ष करतं ही तक्रार खरी आहे, मी ती पन्नास निवेदनांत लिहिली आहे. पण १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्य स्थापनेच्या दिवशी, मराठी माणसं निषेधाचा काळा दिन पाळतात, त्याच्या फेरीत पहिल्या रांगेत चालणाऱ्या आपल्या मराठी पुढाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत? इंग्रजी. गाडी घरापर्यंत येते. मराठी टिकवण्यासाठी घोषणा देतात आणि मराठी शाळेच्या पटावर स्वतःच्या घरातलं एक नाव घालत नाहीत. मग तिथं उरतात विटभट्टीवरच्या, मागावरच्या, गवंड्याच्या घरची मुलं. त्यांच्यासाठी भांडायला कुणाला वेळ नाही.

माझ्या लेखी हीच खरी कसोटी. बंगला ठेवा, गाडी ठेवा, पण पोर माझ्या वर्गात पाठवा. सहा महिन्यांत छप्पर दुरुस्त होतं का नाही बघा.

चंदगडी_पाहुणा

मास्तर, चळवळीवर असं बोलणं मला खुपतं. हुतात्म्यांनी रक्त सांडलंय. १९८६ ला हिंडलग्यात काय झालं ते विसरू नका.

मराठी_शाळा_मास्तर

पाहुणे, हिंडलग्याच्या स्मारकावर मी दर १ जूनला जातो. त्या मुलांनी कन्नडसक्तीविरुद्ध जीव दिला तो मराठी शिकता यावं म्हणून. म्हणूनच मला राग येतो. चळवळीवर प्रेम आहे म्हणून लिहिलं, आणि माझं म्हणणं मी मागं घेणार नाही.

शहापूरची_सून

मास्तर, माझी धाकटी मराठी शाळेत आहे. तुमच्यासारखे मास्तर आहेत म्हणून ठेवलंय. पण शेजारीण रोज विचारते, का गं, पैसे नाहीत का?

माई_टिळकवाडी

मास्तरांचं बरोबर आहे. साधेपणा म्हणजे फाटकं घालून हिंडणं नव्हे. लालबहादूर शास्त्रींनी फियाट गाडी घेतली होती, बँकेतून पाच हजारांचं कर्ज काढून. पंतप्रधान होते, गाडी हवीशी वाटली, घेतली. पण कर्ज काढावं लागलं, तुम्हा-आम्हाला लागतं तसं. ते गेल्यावर ललिताबाईंनी पेन्शनमधून ते फेडलं. मला त्यांच्या गाडीचा राग कधीच आला नाही.

चिक्कोडी_वकील

थोडं गोळा करतो, कारण सूचना बऱ्याच झाल्या आणि त्यातल्या काही खरोखर करण्याजोग्या आहेत. पगार स्वतःच्या सभागृहात स्वतःच ठरवणं बंद व्हावं. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाच्या घोटाळ्यानंतर २००९ साली स्वतंत्र मंडळ नेमलं, आता पगार ते ठरवतं. आशाताईंची अट त्या मंडळाला घालता येईल. निपाणीकरांचं धंद्याचं, हे सगळ्यात अवघड, कारण धंदे बायको-मुलगा-भावाच्या नावावर जातात. मास्तरांची शाळेची अट कायद्यानं टिकेल असं मला वाटत नाही, मूल कुठं शिकवायचं हा पालकाचा हक्क म्हणून कोर्टात आव्हान येईल. मात्र प्रतिज्ञापत्रात एक रकाना वाढवता येईल: कुटुंबातली मुलं कुठल्या शाळेत, शेवटचा उपचार कुठल्या दवाखान्यात. सक्ती नाही, फक्त जाहीर करा. लोक बघून घेतील.

निपाणीकर_तंबाखू

रकान्यात शेवटचा ऊस कुठल्या कारखान्याला घातला आणि बिल कधी मिळालं, हे पण घाला.

उद्यमबागकर

सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं सरकलंय, तेवढं सांगतो. मी राहणीच्या मोजमापावर अडलो होतो, घर किती खोल्यांचं, प्रवास कशानं. आता वाटतं, तो किती पैशात राहतो यापेक्षा तो कुठल्या रांगेत उभा राहतो ते बघावं. रेशनच्या, बसच्या, ओपीडीच्या, शाळा प्रवेशाच्या. हलग्याजवळ एवढा मोठा सुवर्णसौध, म्हणजे बेळगावचं विधानभवन, उभा आहे, २०१२ पासून. वर्षात दहा-बारा दिवस तिथं अधिवेशन भरतं. त्या दहा दिवसांत शहरातले रस्ते ताफ्यांसाठी मोकळे केले जातात आणि आम्ही कामावर उशिरा पोहोचतो. निदान त्या दिवसांत आमदारांनी केंद्रीय बसस्थानकावरून सौधपर्यंत बसनं जावं, ही मागणी मी लेखी पाठवणार आहे. कुणाला सही करायची असेल तर कळवा.

काकतीकर

माझी घ्या.

खानापूर_जंगलवाट

माझी पण. आणि खाली एक ओळ वाढवा, एक दिवस भीमगडात.

माजी_सदस्या

सही करते. पण वरच्यांना लिहिताना खालचंही लिहा. जिल्हा आणि तालुका पंचायतीची मुदत २०२१ ला संपली, नंतर निवडणुका लांबतच गेल्या. त्या जेव्हा लागतील तेव्हा सामान्य कमाईची एखादी बाई उभी राहील. तिला पावती नेऊ नका. तिच्याकडून पाकीट घेऊ नका. ग्रामसभेत ती बिल मागेल तेव्हा हात वर करा.

कडोलीकर

ताई, काल मंडळाच्या बैठकीत विषय काढला. यंदापासून कुठल्याही सदस्याच्या किंवा उमेदवाराच्या नावानं पावती फाडायची नाही, वर्गणी घरटी सारखी. तासभर भांडण झालं. साउंड सिस्टीमवाले उठून गेले. शेवटी हात मोजले, अकरा बाजूनं, नऊ विरोधात. पुढच्या रविवारी परत बैठक आहे, ते नऊ जण आणखी माणसं आणणार आहेत.